अश्व आणि अश्वारोहक यांच्यासाठी शिआत्सू : तत्त्व, तंत्र आणि पुराव्याचा प्रश्न

बीजसंज्ञा : शिआत्सू, स्पर्शोपचार, अश्वशरीररचना, अश्वारोहण, पशुवैद्यकीय कायदा

प्रस्तावना

घोडा हा मूलतः भक्ष्यवर्गातील प्राणी आहे. कळपातील जो प्राणी लंगडतो किंवा मागे पडतो, त्याच्यावरच हिंस्र पशूची नजर प्रथम जाते. त्यामुळे वेदना सोसणे व ती प्रकट होऊ न देणे हा घोड्याच्या स्वभावाचाच भाग बनला आहे. कुत्र्याप्रमाणे तो विव्हळत नाही. पाठ दुखत असलेला घोडा तंग आवळताना कान मागे टाकतो, शेपटी फटकारतो, चढणाच्या वेळी पाठ खाली घालतो, आणि बहुतेक वेळा या सर्व लक्षणांची नोंद ‘खोडकरपणा’ या सदरात होते. ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वार पाठीवर असताना घोड्याच्या वर्तनात दिसणाऱ्या २४ खुणांची सूची प्रसिद्ध केली. यांपैकी ८ किंवा अधिक खुणा आढळल्यास स्नायू-अस्थिसंस्थेत वेदना असण्याची दाट शक्यता असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे ज्याला आजवर हट्ट समजले गेले, त्यातील बराच भाग दुखण्याचा होता.

या पार्श्वभूमीवर, केवळ हाताच्या दाबाने घोड्याला आराम देऊ पाहणारी व त्याच वेळी त्याच्या स्वारालाही उपचारकक्षेत घेणारी ‘अश्व-शिआत्सू’ ही पद्धती गेल्या काही दशकांत ब्रिटन, अमेरिका व युरोपातील अन्य देशांत रुजली. तिच्याविषयी एकीकडे भाबडी श्रद्धा, तर दुसरीकडे सरसकट उपहास आढळतो. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा उगम, तिचे तंत्र आणि तिच्यामागील पुराव्याचे स्वरूप यांचा विचार केला आहे.

शिआत्सू : जपानी वारसा

‘शी’ म्हणजे बोट व ‘आत्सू’ म्हणजे दाब. नाव विसाव्या शतकातील असले तरी त्यामागे ‘अन्मा’ ही जपानमधील जुनी मर्दनविद्या आहे. ती चीनमधून जपानमध्ये आली आणि पुढे विशेषतः अंध व्यक्तींचा परंपरागत व्यवसाय बनली. आधुनिक शिआत्सूला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय तोकुजिरो नामिकोशी (१९०५–२०००) यांना दिले जाते. बालपणी होक्काइदो बेटावर स्थलांतर झाल्यानंतर आईच्या सांधेदुखीवर त्यांनी अंगठ्यांच्या दाबाने उपचार करून पाहिले व त्यातून पुढे त्यांची पद्धती आकाराला आली, असे सांगितले जाते. १९४० मध्ये त्यांनी टोकियोत शिआत्सूचे विद्यालय स्थापन केले. जपानी कायद्यात १९५५ मध्ये शिआत्सूचा नामनिर्देश झाला आणि १९६४ मध्ये तिला अन्मा व मसाज यांपासून स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता मिळाली.

नामिकोशींची मांडणी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र यांच्या भाषेत आहे; स्नायू, मज्जातंतू, रक्ताभिसरण यांपलीकडे ती फारशी जात नाही. शिझुतो मासुनागा (१९२५–१९८१) यांचा मार्ग निराळा होता. मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या मासुनागांनी चिनी वैद्यकातील ऊर्जावाहिन्यांची कल्पना शिआत्सूच्या केंद्रस्थानी आणली. त्यांच्या मते शरीरातील ‘की’ ही जीवनशक्ती काही ठिकाणी उणी पडते, तिला त्यांनी ‘क्यो’ म्हटले. काही ठिकाणी ती साचून ताठरता येते, तिला ‘जित्सू’ म्हटले. दुखरी, कडक जागा सहज सापडते. पण तिचे कारण असलेली रिक्त, थंड जागा शोधणे हेच उपचारकाचे खरे कौशल्य, हा त्यांचा आग्रह होता. वातारु ओहाशी यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘झेन शिआत्सू’ हे पुस्तक १९७७ मध्ये इंग्रजीत आले आणि पाश्चात्त्य देशांतील शिआत्सूवर त्याची खोल छाप पडली. घोड्यांवर आज जी शिआत्सू केली जाते, ती प्रामुख्याने याच शाखेची आहे.

घोड्याच्या अंगावरील नकाशा

अश्व-शिआत्सू ही ‘हजारो वर्षांची प्राचीन विद्या’ आहे, असे विधान तिच्या प्रचारसाहित्यात वारंवार आढळते. ते तपासून घेणे आवश्यक आहे. चीनमध्ये घोड्यांवर सुईटोचणीचे उपचार होत, हे निर्विवाद आहे. मिंग काळात, १६०८ मध्ये, यू बंधूंनी संकलित केलेला अश्ववैद्यकाचा ग्रंथ या परंपरेची साक्ष देतो. तथापि जुन्या पशुवैद्यकात भर होता तो विशिष्ट व्याधींसाठीच्या विशिष्ट बिंदूंवर. मानवी शरीरावरील बारा ऊर्जावाहिन्यांचा संपूर्ण नकाशा घोड्याच्या देहावर बेतण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चर संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली, त्याच सुमाराची ही घडामोड. त्यानंतर अमेरिकेतील पामेला हॅने यांच्यासारख्या उपचारकांनी शिआत्सू तबेल्यात नेली व तिच्यावर पुस्तकेही लिहिली. तात्पर्य, घटक जुने असले तरी त्यांची ही जुळणी अर्वाचीन आहे.

नकाशा एका देहावरून दुसऱ्या देहावर नेताना अडचणी येणारच. माणसाच्या हातापायांना पाच-पाच बोटे; अनेक वाहिन्यांचा आरंभ वा शेवट बोटांच्या टोकांशी होतो. घोडा मात्र प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आणि खूर हे त्या बोटाचे नख. तेव्हा या सर्व वाहिन्यांची टोके खुराच्या वरच्या कडेभोवती दाटीवाटीने मांडावी लागली. त्याहून उद्बोधक उदाहरण पित्ताशयाच्या वाहिनीचे आहे. घोड्याला पित्ताशय नसतेच. त्याच्या यकृतातून पित्त थेट आतड्यात उतरते. तरीही घोड्याच्या अंगावर पित्ताशय-वाहिनी दाखवली जाते व तिच्यावर दाबही दिला जातो. यावर उपचारकांचे उत्तर असे की, पौर्वात्य वैद्यकात ‘पित्ताशय’ हे अवयवाचे नव्हे, तर कार्याचे नाव आहे. हे उत्तर तर्काला सोडून नाही; मात्र ते स्वीकारल्यास वाहिन्या हे शरीरातील वास्तव नसून निरीक्षणाची एक परिभाषा ठरते, हेही स्वीकारावे लागते.

परिभाषा म्हणून तिचा उपयोग नाकारता येत नाही. मूत्राशय-वाहिनी म्हणून जी रेषा दाखवली जाते, ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून मानेवरून, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, पुठ्ठ्यावरून मागच्या खुरापर्यंत जाते. पाठीवर हीच रेषा पाठीच्या सर्वांत लांब स्नायूवरून जाते, आणि त्याच स्नायूवर खोगीर बसते. घोड्याला छातीचे १८ व कमरेचे ६ मणके असतात. खोगिराचा व स्वाराचा भार छातीच्या मागच्या मणक्यांवर येतो, आणि मणक्यांची वरची टोके एकमेकांना घासण्याचा विकारही प्रामुख्याने तेथेच आढळतो. म्हणजे सिद्धान्त मान्य असो वा नसो, उपचारकाचा हात दुखण्याच्या जागीच पोहोचतो.

उपचाराची प्रत्यक्ष रीत

शिआत्सूत तेल वापरत नाहीत, चोळत नाहीत, रगडत नाहीत. तळहात, अंगठा किंवा कोपर यांनी त्वचेला काटकोनात स्थिर दाब द्यायचा, काही क्षण थांबायचे, आणि तितक्याच सावकाश तो सोडायचा. दाब दंडाच्या ताकदीने द्यायचा नसतो. उपचारकाने पाय रोवून बेंबीखालच्या ‘हारा’ या केंद्रातून आपले वजन पुढे झुकवायचे असते. पाचशे किलो वजनाच्या प्राण्यापुढे स्नायुबळ चालत नाही, तेव्हा घोड्यावर काम करताना हा नियम माणसापेक्षाही अधिक लागू पडतो. एक हात हालतो व दुसरा घोड्याच्या अंगावर निश्चल ठेवला जातो. या निश्चल हाताला ‘मातृहस्त’ म्हणतात. त्याच्याखाली स्नायू आक्रसला, कातडी थरथरली किंवा श्वास अडखळला, तर दाब अधिक झाला असे समजायचे.

माणूस उपचारासाठी जमिनीवर अंथरलेल्या गादीवर निजतो. घोडा उभाच राहतो. त्याला करकचून बांधत नाहीत, दोर हातात सैल धरलेला असतो, कारण नको असल्यास बाजूला होण्याची मुभा हा या पद्धतीतील संमतीचा भाग मानला जातो. प्रथम मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत नुसता तळहात फिरवून उष्ण-थंड, मऊ-ताठ जागांची चाचपणी होते. मग पाठीच्या रेषेवर दाब, त्यानंतर पायांचे हलके ताण व सांध्यांचे वर्तुळाकार चलन, शेवटी मान व शेपटी असा क्रम सामान्यतः असतो. पुढच्या पायांच्या ताणाला येथे विशेष महत्त्व आहे. घोड्याला गळ्याचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडाला हाडांच्या सांध्याने जोडलेले नसून स्नायूंच्या झोळीत धड टांगलेले असते, आणि उभ्या घोड्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या जवळपासचा वाटा याच पायांवर येतो. साहजिकच या झोळीतील ताठरतेचा परिणाम पावलाच्या लांबीवर होतो.

घोडा सैलावल्याच्या खुणा सर्वज्ञात आहेत : डोके खाली येते, खालचा ओठ लोंबतो, डोळे अर्धे मिटतात, जांभई येते, तो जीभ फिरवून चघळल्यासारखे करतो. यांपैकी चघळण्याच्या खुणेबाबत सावधगिरी हवी. ती ताणाकडून शिथिलतेकडे येतानाच्या टप्प्यावर दिसते. म्हणजे तिच्याआधी ताण होता असाही तिचा अर्थ होतो, आणि तो ताण कदाचित उपचारकानेच निर्माण केलेला असू शकतो.

स्वाराचा समावेश का?

अश्व-शिआत्सूचे वेगळेपण स्वारालाही उपचाराचा विषय मानण्यात आहे. या दुहेरी दृष्टीला आधार देणारा एक सुंदर प्रयोग लिंडा कीलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये केला व २००९ मध्ये प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींनी घोडा ठरावीक अंतरावरून चार वेळा न्यायचा होता. काहींनी दोर धरून, काहींनी स्वार होऊन. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आले की, या वेळी वाटेत एक छत्री अचानक उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीची काहीच कल्पना नव्हती त्या घोड्यांचेही वाढले. स्वाराचे भय लगामातून, मांड्यांतून, श्वासातून घोड्याला कळते, ही प्रत्येक मुरब्बी स्वाराच्या अनुभवातील गोष्ट येथे आकड्यांत उमटली.

शारीरिक बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जो स्वार दिवसभर टेबलापाशी बसून काम करतो, त्याच्या जांघेतील स्नायू आखडलेले असतात. तो खोगिरात बसला की कंबर पुढे कलते, गुडघे वर येतात व तोल सांभाळण्यासाठी तो लगामावर लोंबकळतो. एका कुशीवर अधिक भार देणाऱ्या स्वाराखाली घोड्याची पाठही असमान राबते. म्हणून शिआत्सूचा उपचारक स्वाराच्या कमरेवर, मांडीच्या आतल्या बाजूवर, खांद्यांवर काम करतो, आणि ‘हारा’मधून श्वास घेण्यास शिकवतो. खोगिरात स्थिर ‘बैठक’ म्हणून जी प्रशिक्षक मागतात, ती हीच.

परंतु कार्यकारण नेहमी वरून खालीच वाहते असे नाही. लिने ग्रेवे व सू डायसन यांनी २०१३ मध्ये दाखवले की, खोगीर सातत्याने एका बाजूला सरकत असेल तर त्याचे कारण अनेकदा घोड्याच्या मागच्या पायातील लंगड हे असते. ती लंगड भूल देऊन तात्पुरती थांबवली की खोगीर सरळ राहते. वाकडा बसतो म्हणून ज्याला बोल लावला जातो, तो स्वार वास्तविक दुखऱ्या घोड्याने वाकडा केलेला असू शकतो. अशा वेळी दोघांनाही दाबून आराम देणे, पण मागच्या पायाची तपासणी न करणे, हा उपचार नव्हे. ती दिरंगाई होय.

पुराव्याचे स्वरूप

प्रत्यक्ष शिआत्सूवर, आणि तीही घोड्यांवर, झालेले नियंत्रित संशोधन अत्यल्प आहे. म्हणून शेजारच्या क्षेत्रांतील अभ्यासांकडे वळावे लागते. त्यांतील सर्वांत मूलगामी अभ्यास उपचारकांचा नसून वर्तनशास्त्रज्ञांचा आहे. क्लॉडिया फे व जान द माझिएर यांनी १९९३ मध्ये फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुतांशी मानेच्या तळाशी, पाठीच्या आरंभीच्या उंचवट्याजवळ. त्या जागी माणसाने हाताने तसेच खाजवले असता हृदयाचे ठोके मंदावले, मोठ्या घोड्यांचे व शिंगरांचेही. अन्य जागी खाजवल्यावर तसे झाले नाही. मॅकब्राइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मसाजबाबत प्राथमिक अभ्यास केला, त्यातही परस्परांना खाजवण्याच्या आवडत्या जागांवर परिणाम अधिक दिसला.

सुलिव्हन, हिल व हाउसलर यांनी २००८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ३८ निरोगी घोड्यांच्या पाठीवर किती दाबाला घोडा प्रतिक्रिया देतो हे उपकरणाने मोजले. सातव्या दिवशी ही सहनमर्यादा मणक्यांवरील हस्तोपचाराच्या गटात २७ टक्के, मसाजाच्या गटात १२ टक्के व फिनाइलब्युटाझोन या वेदनाशामकाच्या गटात ८ टक्के वाढलेली आढळली. हे आकडे मसाजाच्या समर्थनार्थ उद्धृत होतात, पण ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. घोडे आजारी नव्हते. त्यामुळे वेदनाशामकाला शमवण्याजोगे फारसे काही नव्हतेच. आणि हा मसाज शिआत्सू नव्हता.

मानवी शिआत्सूबाबत रॉबिन्सन व सहकाऱ्यांचा २०११ मधील आढावा असे सांगतो की, बिंदुदाबासाठी मळमळ, वेदना अशा काही तक्रारींत बऱ्यापैकी आधार मिळतो. शिआत्सूसाठी मात्र अभ्यासांची संख्या व गुणवत्ता दोन्ही अपुऱ्या आहेत. पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चरविषयीच्या २००६ मधील आढाव्याला तिची शिफारस करण्याइतका किंवा ती फेटाळण्याइतका सबळ पुरावा सापडला नाही. खेळातील व पाळीव प्राण्यांवरील मृदू ऊतींच्या हस्तोपचारांचा २०२२ मधील आढावाही पुरावा अपुरा असल्याचेच सांगतो.

येथे एक पद्धतिशास्त्रीय पेच आहे. घोड्याला अपेक्षा नसते, तेव्हा त्याच्या बाबतीत ‘मानून घेतल्याचा’ परिणाम संभवत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. घोडा सुधारला की नाही हे सांगणारा मालक असतो, आणि अपेक्षा त्याला असते. शिवाय कीलिंग यांचा प्रयोग प्रमाण मानला, तर निश्चिंत झालेल्या स्वाराखाली घोडाही निश्चिंत होईल. तो परिणाम खरा असेल, पण दाबाचा नसेल. स्वार व घोडा या दोघांवर एकाच वेळी उपचार करणाऱ्या पद्धतीला या दोन परिणामांची फारकत करणे सर्वांत अवघड आहे. त्यासाठी परीक्षकाला गट ठाऊक नसणे आणि चालीचे उपकरणाद्वारे मोजमाप, या किमान अटी ठरतात.

निषिद्ध प्रसंग आणि कायदा

ताप, संसर्ग, ताजी जखम, अस्थिभंगाची शंका, त्वचेवरील गजकर्ण, खुरातील दाह, श्रमानंतर स्नायू अचानक लाकडासारखे कडक होऊन लघवी गडद होणे, या अवस्थांत शिआत्सू वर्ज्य आहे. यांतील शेवटची अवस्था विशेष फसवी असते. ताठरलेले पुठ्ठे पाहून कोणालाही ते दाबून मोकळे करावेसे वाटतात. प्रत्यक्षात तेथे स्नायुतंतूंचा नाश चाललेला असतो व त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. पोटशुळात तर घटकाही मोलाची असते. आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत घोडा दगावू शकतो. अशा वेळी कोणत्या बिंदूवर दाब द्यावा हा प्रश्नच गैरलागू आहे. विश्रांत अवस्थेत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ती वर चढून राहिली, तर पशुवैद्याला बोलावणे हेच पहिले कर्तव्य.

ब्रिटनमध्ये १९६६ च्या पशुवैद्यक कायद्यानुसार प्राण्यांचे रोगनिदान व उपचार हा नोंदणीकृत पशुवैद्याचा अधिकार आहे. २०१५ च्या आदेशाने हस्तोपचारांना पशुवैद्याच्या निर्देशाखाली मुभा दिली आहे. भारतात १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा पशुवैद्यकीय व्यवसायाचे नियमन करतो. निरोगी घोड्याला हात लावून सैल करणे व लंगड्या घोड्यावर ‘उपचार’ करणे, यांतील सीमारेषा त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही.

या सीमेच्या अलीकडे मात्र मोठे क्षेत्र मोकळे आहे, आणि ते भारतीय तबेल्याला अपरिचित नाही. ‘मालिश’ हा शब्दच चोळणे या अर्थाच्या फारसी क्रियापदापासून आलेला. मराठ्यांच्या पागांतील ‘खरारा’ हा अंग स्वच्छ करण्याइतकाच ते चेतवण्याचाही नित्यक्रम होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन यानेही घोड्याच्या पाठीच्या कण्यावर कोणतेही साधन न वापरता केवळ हात, तोही केसांच्या दिशेने, फिरवावा असे लिहून ठेवले आहे. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या चार जणांच्या चमूने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवले. अश्वारोहणातील हे सुवर्ण ४१ वर्षांनी आले. त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाजमध्ये गुण मिळतात ते घोड्याच्या लवचीकपणाला व स्वाराच्या अदृश्य संकेतांना. या क्रीडाप्रकाराकडे वळणाऱ्या तरुणांची निगा प्रशिक्षक राखतात. घोड्याच्या अंगावर दररोज सकाळ-संध्याकाळ हात फिरतो तो सईसाचा. कालच्यापेक्षा आज उजव्या पुढच्या पायाची कंडरा किंचित गरम आहे, खोगिराच्या जागी डाव्या बाजूला कातडी आक्रसते आहे, हे सर्वप्रथम त्याच्याच तळहाताला कळू शकते. शिआत्सूच्या शिक्षणक्रमातील चाचपणीचा भाग त्याला शिकवण्यासाठी ऊर्जावाहिन्यांवर विश्वास ठेवण्याची अट नाही. त्याने सांगितलेले ऐकून पशुवैद्याला वेळेवर दूरध्वनी करणारा मालक मात्र हवा.